टाके उसवले की अस्तर सुटलं? पाण्याच्या फोडांविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळचे प्रश्न अंगावर पाण्याचे फोड येणाऱ्या ऑटोइम्यून, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते अशा आजारांविषयी आहेत. उत्तरं त्वचारोगतज्ज्ञांनी दिली आहेत. औषधांची मात्रा उपचार समजावा म्हणून दिली आहे. तुमची मात्रा तुमचं वजन, वय आणि तपासण्या पाहून तुमचे डॉक्टरच ठरवतील.

प्रश्न : माझी आई ५२ वर्षांची आहे. चार महिन्यांपासून तिचं तोंड आलंय. उष्णता म्हणून ज्येष्ठमध, तूप, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या सगळं करून झालं. आता छातीवर आणि पाठीवर पाण्याचे फोड येतात आणि अंग पुसताना टॉवेल लागला तरी फुटतात. शेजारी नागीण म्हणतात, गेरू लावायला सांगतात. काय असावं? (सांगली)

उत्तर : नागीण नसावी. नागीण बहुधा शरीराच्या एकाच बाजूला, एका नसेच्या पट्ट्यात येते. आधी त्या जागी आग होते, ठणका लागतो आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत ती सुकते. चार महिने बरं न होणारं तोंड आणि त्यामागून दोन्ही बाजूंना येणारे, हात लागताच फुटणारे फोड, ही जोडी दिसली की पहिला विचार पेम्फिगस व्हल्गॅरिस या आजाराचा करावा लागतो. याच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत सुरुवात तोंडातूनच होते आणि बी-कॉम्प्लेक्समध्ये महिने निघून जातात. तोंडातली कुठलीही जखम तीन आठवड्यांत भरली नाही तर ती तज्ज्ञांना दाखवायचीच. मिश्री किंवा तंबाखूची सवय असेल तर कॅन्सर नाही ना, हेही पाहावं लागतं. गेरू मुळीच लावू नका. त्याखाली जखम दिसत नाही आणि जंतू शिरले तरी कळत नाही.

आता हे होतं कसं ते पाहू. त्वचेचा वरचा थर ही गोधडी आहे असं समजा. तिच्यातले कापडाचे तुकडे म्हणजे पेशी आणि त्यांना एकमेकींशी धरून ठेवणारे टाके म्हणजे डेस्मोग्लीन नावाची प्रथिनं. गोधडीला खाली अस्तर असतं, म्हणजे त्वचेचा खालचा थर, आणि ते जोडणारी शिवण वेगळ्या दोऱ्याची असते. पेम्फिगसमध्ये शरीर स्वतःच्याच टाक्यांविरुद्ध अँटीबॉडी तयार करतं. टाके उसवतात, पेशी सुट्या होतात आणि मधल्या फटीत पाणी भरतं. फट वरच्या थराच्या आतच पडल्यामुळे फोडाचं छप्पर फार पातळ असतं. म्हणून तो लुळा, ढिला दिसतो आणि टॉवेलनेही फाटतो. फोडाशेजारची चांगली दिसणारी त्वचा बोटाने दाबून सरकवली तरी साल सुटते. याला निकोल्स्की चिन्ह म्हणतात. हे डॉक्टरांनी पाहायचं असतं, घरी करून बघू नका.

आधी तोंड आणि मग अंग, हा क्रमसुद्धा टाक्यांवरूनच उलगडतो. टाक्यांचे दोन दोरे महत्त्वाचे आहेत : डेस्मोग्लीन १ आणि डेस्मोग्लीन ३. तोंडाच्या आतली नाजूक त्वचा मुख्यतः ३ नंबरच्या दोऱ्याने शिवलेली असते, अंगावरच्या त्वचेत दोन्ही असतात. अँटीबॉडी फक्त ३ विरुद्ध असल्या तर तोंड उसवतं, पण त्वचेला १ नंबरचा दोरा धरून ठेवतो. पुढे १ विरुद्धही अँटीबॉडी तयार झाल्या की अंगावर फोड येतात. तुमच्या आईंच्या बाबतीत हेच घडलं असण्याची शक्यता आहे. फक्त १ विरुद्ध अँटीबॉडी असतील तर त्याला पेम्फिगस फोलिएशियस म्हणतात. त्यात त्वचेचा अगदी वरचा पापुद्रा सुटतो, अंगावर खवले आणि खपल्या दिसतात, तोंड मात्र शाबूत राहतं.

या आठवड्यातच त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. जिल्ह्याच्या ठिकाणच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्वचाविभाग असतो. जाण्यापूर्वी स्वतःच्या मनाने स्टेरॉइडच्या गोळ्या देऊ नका. त्यांनी फोड तात्पुरते दबतात आणि निदान अवघड होऊन बसतं.

प्रश्न : डॉक्टरांनी त्वचेचे दोन तुकडे काढले. एक बाटलीत घातला आणि दुसरा वेगळ्या द्रावणात ठेवून त्याच दिवशी दुसऱ्या शहरात पाठवायला सांगितलं. एकाच तुकड्यावर भागलं नसतं का? (नाशिक)

उत्तर : नाही. दोन तुकडे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. पहिला तुकडा ताज्या, शक्यतो २४ तासांच्या आतल्या लहान फोडाचा असतो आणि तो फॉर्मलिन या टिकवणाऱ्या द्रावणात जातो. फट कुठल्या थरात पडली, हे त्यावरून दिसतं. जुना फोड घेतला तर तळाशी नवी त्वचा वाढू लागलेली असते, थर चुकीचा दिसतो आणि रिपोर्ट दिशाभूल करतो.

दुसरा तुकडा फोडाचा नसतो, त्याला लागून असलेल्या चांगल्या त्वचेचा असतो. तिथे चिकटलेल्या अँटीबॉडी चमकणाऱ्या रंगाने पाहतात. याला डायरेक्ट इम्युनोफ्लुरोसन्स म्हणतात. पेम्फिगसमध्ये प्रत्येक पेशीभोवती रेघ उजळते आणि मासे धरायच्या जाळ्यासारखं चित्र दिसतं. पेम्फिगॉइड या दुसऱ्या आजारात अख्खी गोधडी अस्तरापासून सुटते, त्यात अस्तराच्या शिवणीवर एकच सरळ रेघ उजळते. हा तुकडा फॉर्मलिनमध्ये पडला की प्रथिनांचं रूप बदलतं आणि तपासणी वाया जाते. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. त्याला मिशेल्स मीडियम नावाचं द्रावण लागतं. ते नसेल तर साध्या नॉर्मल सलाईनमध्ये ठेवून २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवलं तरी चालतं. तुकडा घेऊन जाणारे बहुतेक वेळा नातेवाईकच असतात, म्हणून लक्षात ठेवा : बाटल्यांवरची नावं तपासा आणि तुकडे एका बाटलीतून दुसरीत हलवू नका.

प्रश्न : वडील ७८ वर्षांचे आहेत, १५ वर्षांपासून मधुमेह आहे. आधी तीन महिने नुसती खाज होती आणि गांधी उठत होत्या. आता मांड्यांवर आणि पोटावर द्राक्षाएवढे टणक फोड आले आहेत. तोंड बरं आहे. एका ठिकाणी पेम्फिगस सांगितलं, दुसरीकडे पेम्फिगॉइड. नावात एवढा फरक पडतो का? स्टेरॉइडची भीती वाटते. (पुणे)

उत्तर : फरक खूप पडतो. १९५३ पर्यंत हे दोन्ही आजार एकच समजले जात. वॉल्टर लिव्हर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली फट कुठे आहे हे पाहून ते वेगळे केले. दोन्हींच्या मुळाशी अँटीबॉडी आहेत, हे बॉयटनर आणि जॉर्डन यांनी १९६४ पासून दाखवलं. वडिलांचं वय, आधीची खाज, टणक फोड आणि बरं असलेलं तोंड पाहता बुलस पेम्फिगॉइड जास्त संभवतो. यात टाके उसवत नाहीत, अख्खी गोधडी अस्तरापासून सुटते. हल्ला बीपी १८० आणि बीपी २३० या शिवणीतल्या प्रथिनांवर होतो. फोडाचं छप्पर वरच्या थराच्या पूर्ण जाडीचं असतं म्हणून तो ताठ राहतो, चटकन फुटत नाही. या जागी इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी गोळा होतात. खाजेत त्यांचा मोठा वाटा असतो आणि फोड येण्याआधी कित्येक महिने नुसती खाजच असू शकते.

आता एक काम आजच करा. वडिलांच्या मधुमेहाच्या गोळ्यांच्या पाकिटामागचं बारीक अक्षर वाचा. विल्डाग्लिप्टिन, सिटाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन असं ग्लिप्टिन गटातलं नाव आहे का? ते अनेकदा मेटफॉर्मिनबरोबर एकाच गोळीत असतं, त्यामुळे ‘फक्त मेटफॉर्मिन चालू आहे’ असं घरच्यांना वाटत राहतं. या गटाचा, त्यातही विल्डाग्लिप्टिनचा, पेम्फिगॉइडशी संबंध चांगला सिद्ध झालेला आहे. गोळी सुरू होऊन कित्येक महिने किंवा वर्षं उलटल्यावरही आजार उद्भवतो, म्हणून तिच्यावर कुणाचा संशय जात नाही. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. मधुमेहाच्या डॉक्टरांना दाखवून दुसऱ्या गटातलं औषध घ्या. गोळी बदलल्यावर फोड लगेच थांबतील असं नाही, उपचार चालूच ठेवावे लागतात.

स्टेरॉइडची भीती या वयात रास्त आहे आणि पेम्फिगॉइडमध्ये तिच्यावर चांगला तोडगा आहे. क्लोबेटासॉल ०.०५ टक्के हे तीव्र मलम अंगभर लावलं तर पोटातून दिलेल्या स्टेरॉइडइतका परिणाम मिळतो, आणि पसरलेल्या आजारात ते जास्त सुरक्षितही ठरतं. हे फ्रान्समधल्या अभ्यासातून २००२ मध्येच पुढे आलं. पण इथे प्रमाणात घोटाळा होतो. बोटाच्या शेवटच्या पेरावर काढलेली मलमाची पट्टी म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि ती दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. मोठ्या माणसाच्या पूर्ण अंगाला एका वेळी सुमारे २० ग्रॅम लागतं. आजार पसरलेला असेल तर फोडांवरच नाही, चेहरा सोडून चांगल्या त्वचेवरही दिवसातून दोनदा लावायचं असतं. म्हणजे दिवसाला ४० ग्रॅम, ३० ग्रॅमच्या एका ट्यूबपेक्षा जास्त! महिन्याला दोन ट्यूब लावून ‘मलमाने काही फरक नाही’ म्हणणारी घरं पुष्कळ आहेत. औषध निकामी नव्हतं, ते पोहोचलंच नव्हतं. एवढं मलम अंगात शोषलंही जातं, त्यामुळे साखर तपासत राहा. त्वचा पातळ होऊन हातावर काळेनिळे डाग पडू शकतात.

मलम चोळायला घरात माणूस नसेल तर डॉक्सिसायक्लीन हे प्रतिजैविक रोज २०० मिग्रॅ हा पर्याय आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटन आणि जर्मनीतल्या अभ्यासात सहा आठवड्यांनी फोड आटोक्यात आलेल्यांचं प्रमाण डॉक्सिसायक्लीनवर ७४ टक्के आणि प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळीवर ९१ टक्के होतं. पण वर्षभरातले गंभीर दुष्परिणाम १८ विरुद्ध ३६ टक्के. ७८ व्या वर्षी ही अदलाबदल अनेकदा परवडणारी असते. गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यावी आणि लगेच आडवं होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. नेहमीच्या उपचारांना दाद न देणाऱ्यांसाठी आता डुपिलुमॅब हे इंजेक्शनही आहे. अमेरिकेत २०२५ मध्ये त्याला पेम्फिगॉइडसाठी मान्यता मिळाली.

प्रश्न : पेम्फिगसचं निदान झालं. प्रेडनिसोलोन ५० मिग्रॅ सुरू झाल्यावर तीन आठवड्यांत फोड गेले, म्हणून गोळ्या थांबवल्या. महिन्याभरात दुप्पट फोड आले. गोळ्यांची सवय लागली का? (लातूर)

उत्तर : सवय लागलेली नाही. फोड गेले, अँटीबॉडी गेल्या नाहीत. रक्तातली अँटीबॉडी निम्मी व्हायलाच सुमारे २१ दिवस लागतात आणि दरम्यान नव्या तयार होत असतात. तीन आठवड्यांत टाके वरवर घातले गेले होते, उसवणारे हात तिथेच होते.

ठरलेली रीत अशी आहे. सुरुवातीचा डोस, बहुधा वजनाच्या प्रत्येक किलोला ०.५ ते १ मिग्रॅ, तसाच चालू ठेवायचा. किमान दोन आठवडे एकही नवा फोड नाही आणि जुन्या जखमांपैकी सुमारे ८० टक्के भरल्या, की मग कमी करायला सुरुवात. दर दोन आठवड्यांनी साधारण एक चतुर्थांश कमी करतात आणि २० मिग्रॅच्या खाली आल्यावर वेग आणखी मंदावतात. अचानक बंद करण्यात दुसराही धोका आहे. बाहेरून स्टेरॉइड मिळत असताना शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणारी आपली अधिवृक्क ग्रंथी काम थांबवते. गोळी एकदम गेली तर रक्तदाब कोसळणं, उलट्या, ग्लानी अशी जिवावरची वेळ येऊ शकते. जुलाब-उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर थांबून पाहू नका, दवाखाना गाठा.

१९५० च्या दशकात स्टेरॉइड मिळू लागण्यापूर्वी पेम्फिगसचे बहुतेक रुग्ण काही वर्षांतच दगावत. या औषधाने जीव वाचतो. आपलं काम आहे त्याची किंमत कमीत कमी मोजावी लागेल हे पाहणं. त्यासाठी चार गोष्टी सांभाळा. गोळी सकाळी नाश्त्यानंतर घ्या. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनने साखर दुपारी आणि संध्याकाळी चढते, म्हणून फक्त उपाशीपोटीच्या रिपोर्टवर समाधान मानू नका, जेवणानंतरची साखरही पाहा. कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी पहिल्या दिवसापासून हवं. हाडांसाठी आठवड्याची ॲलेन्ड्रोनेटची गोळी दिली असेल आणि तोंडात किंवा घशात जखमा असतील तर डॉक्टरांना आठवण करून द्या. ही गोळी अन्ननलिकेला चिरते, त्याऐवजी इंजेक्शन असतं. आणि पूर्वी टीबी झाला असेल तर ते सांगितल्याशिवाय उपचार सुरू करू नका.

स्टेरॉइड लवकर कमी करता यावं म्हणून ॲझाथायोप्रिन किंवा मायकोफेनोलेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं जोडतात. ॲझाथायोप्रिनचा परिणाम दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. गाऊटसाठी ॲलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट चालू असेल तर ॲझाथायोप्रिनबरोबर ते घातक ठरतं, रक्तपेशी बनवणारी अस्थिमज्जा बंद पडू शकते. भारतीय लोकांत एनयूडीटी१५ या जनुकातल्या बदलामुळेही नेहमीच्या डोसने पांढऱ्या पेशी झपाट्याने घटू शकतात. म्हणून पहिल्या महिन्यात दर आठवड्याला रक्त तपासणं चुकवू नका.

प्रश्न : काही जण दर महिन्याला तीन दिवस सलाईन घ्यायला सांगतात, काही जण रिटुक्सिमॅब. मुलगी २६ वर्षांची आहे, लग्न ठरलंय. (ठाणे)

उत्तर : तीन दिवसांची सलाईन म्हणजे डीसीपी (डेक्सामेथासोन-सायक्लोफॉस्फामाइड पल्स) पद्धत. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. जे. एस. पसरिचा यांनी ती १९८० च्या दशकात सुरू केली आणि देशभरात असंख्य रुग्ण तिच्यावर बरे झाले. सलग तीन दिवस १०० मिग्रॅ डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड ५०० मिलि ग्लुकोजच्या सलाईनमधून, त्यातल्या एका दिवशी ५०० मिग्रॅ सायक्लोफॉस्फामाइड हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, मधल्या दिवसांत त्याचीच ५० मिग्रॅची रोजची गोळी आणि दर २८ दिवसांनी हीच फेरी. ज्या काळात महागडी औषधं आवाक्यात नव्हती, त्या काळात ही मोठी सोय होती. पण सायक्लोफॉस्फामाइडमुळे पाळी कायमची जाऊ शकते. तुमच्या मुलीला ते देऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. मायकोफेनोलेटवर असतानाही गर्भ राहता कामा नये.

रिटुक्सिमॅब हे अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशींच्या आधीच्या पिढीवर, म्हणजे बी पेशींवर, काम करतं. त्या पेशींवर सीडी२० नावाची खूण असते, तिला धरून ते त्यांना संपवतं. अँटीबॉडी बनवणाऱ्या, आधीच तयार झालेल्या प्लाझ्मा पेशींवर ही खूण नसते, म्हणून जुन्या अँटीबॉडी सावकाश घटतात आणि फरक दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. या मधल्या काळात ‘इंजेक्शन फुकट गेलं’ म्हणून रडवेली झालेली माणसं भेटतात. फुकट गेलेलं नसतं, थोडं थांबावं लागतं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या अभ्यासात दोन वर्षांनी सगळी औषधं बंद असूनही फोडमुक्त असलेले ८९ टक्के होते, नुसत्या स्टेरॉइडवर ३४ टक्के. तरुण रुग्णाला लवकर, सुरुवातीलाच रिटुक्सिमॅब मिळावं, याच बाजूचे आम्ही आहोत. भारतात २००७ पासून त्याचं देशी बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी मिळतंजुळतं औषध, मिळतं.

नेहमीची मात्रा १ ग्रॅम आणि १५ व्या दिवशी पुन्हा १ ग्रॅम. आधी पॅरासिटामॉल, ॲलर्जीविरोधी औषध आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. पहिल्या वेळी सलाईन तासाला ५० मिग्रॅ या वेगाने सुरू करून दर अर्ध्या तासाला वाढवत नेतात. चार ते सहा तास लागतात. थंडी वाजणं, खाज, घसा आवळणं असं काही वाटलं तर लगेच नर्सना सांगा. बहुधा वेग कमी केला की निभावतं.

दोन तपासण्यांशिवाय हे औषध घेऊ नका. हिपॅटायटिस बी साठी सरफेस अँटिजेनबरोबर कोअर अँटीबॉडीही पाहायला हवी. जुना, दबलेला संसर्ग फक्त तिच्यातच दिसतो आणि या औषधाने तो उसळून यकृत निकामी करू शकतो. दुसरी टीबीची. लसी शक्यतो महिनाभर आधी उरकाव्यात. गर्भधारणेचं नियोजन औषधानंतर साधारण वर्षभराने करावं.

मूल होईल का, हाही प्रश्न मनात असेलच. होईल. आजार शांत असताना गर्भ राहावा, एवढंच पाहायचं. आईच्या अँटीबॉडी वारेतून बाळाकडे जातात, त्यामुळे क्वचित बाळाला जन्मतः फोड असतात. ते काही आठवड्यांत आपोआप जातात, कारण बाळ स्वतः त्या अँटीबॉडी बनवत नसतं.

प्रश्न : घरी अंघोळ, फोड, अंथरूण, जेवण याचं काय करायचं? जखमा चादरीला चिकटतात. (कोल्हापूर)

उत्तर : अंघोळ रोज हवी. अंघोळ बंद केली की खपल्यांखाली पू साचतो. पोटॅशियम परमँगनेटची ४०० मिग्रॅची गोळी ४ लिटर कोमट पाण्यात पूर्ण विरघळवा. रंग फिकट गुलाबी यायला हवा. जांभळा झाला तर ते पाणी त्वचा भाजतं, न विरघळलेला कण तर थेट डाग पाडतो. ओल्या जखमांवर दहा मिनिटं भिजवलेल्या पट्ट्या ठेवा आणि टॉवेलने न पुसता टिपून घ्या.

मोठा, ताणलेला फोड दुखत असेल तर निर्जंतुक सुईने त्याच्या खालच्या कडेला छिद्र करून पाणी गॉजने टिपा. वरची साल कापू नका, तिच्याइतकं चांगलं ड्रेसिंग दुसरं नाही. उघड्या जखमेवर पॅराफिन गॉज ठेवा. कोरडा कापूस आणि चिकटपट्टी कधीच नाही, काढताना चांगली त्वचाही सोबत येते. पावडर भुरभुरू नका, ओल्या जागी तिचे गोळे होतात. रुग्णालयांत केळीचं पान वापरतात ते खरंच उपयोगी आहे. मेणचट, गार, न चिकटणारं. पण ते तिथे निर्जंतुक केलेलं असतं. परसातलं पान धुऊन जखमेवर ठेवू नका.

तोंडासाठी बीटामेथासोनची पाण्यात विरघळणारी ०.५ मिग्रॅची गोळी दोन चमचे पाण्यात घेऊन पाच मिनिटं तोंडात फिरवायची आणि थुंकायची, दिवसातून तीन-चार वेळा. गिळायची नाही, नंतर अर्धा तास काही खायचं नाही. दह्यासारखा पांढरा थर दिसला तर ती बुरशी आहे, तिला वेगळं औषध लागतं. ब्रश लहान मुलांचा मऊ घ्या. जखमांतून प्रथिनं वाहून जातात, म्हणून मऊ भात आणि मुगाचं वरण, थंड केलेली नाचणीची पेज, दूध, अंडं, पनीर भरपूर द्या. भाकरीचा कडक पापुद्रा, चिवडा, तिखट, चिंच काही दिवस बाजूला. कांदा-लसूण सोडल्याने पेम्फिगस बरा होतो याला भक्कम पुरावा नाही.

ताप, दुर्गंधी, सुस्ती, डोळे लाल होणं यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. आणि एक निसटणारी गोष्ट : औषधं नीट चालू असूनही एखाद्या भागात अचानक ठणकणाऱ्या, छिद्र पाडल्यासारख्या बारीक जखमा उठल्या, तर तो आजार वाढल्याचं समजून स्टेरॉइड वाढवण्याआधी नागिणीच्या भावकीतल्या हर्पीस विषाणूसाठी तपासणी करून घ्यायला सांगा. त्याला ॲसायक्लोव्हिर लागतं.

प्रश्न : आजीला पेम्फिगस आहे आणि आता तीन वर्षांच्या नातवाच्या नाकाभोवती पातळ फोड आणि मधासारख्या खपल्या आल्या आहेत. लागण झाली का? (रत्नागिरी)

उत्तर : पेम्फिगस कुणालाही लागत नाही, स्पर्शाने नाही, ताटातून नाही, अंथरुणातून नाही. आजीला बाळ घेऊ द्या. नातवाला बहुधा इम्पेटिगो आहे, स्टॅफिलोकोकस जंतूंचा. गंमत म्हणजे हा जंतू जे विष सोडतो ते नेमका डेस्मोग्लीन १ चाच दोरा कापतं, त्यामुळे फोड आजीच्या फोडांच्या भावंडासारखे दिसतात. पण त्याच्यावर प्रतिजैविकं लागतात, स्टेरॉइड नाही, आणि आठवड्याभरात तो बरा होतो. मात्र हा जंतू नातवाकडून आजीच्या उघड्या जखमांत जाऊ शकतो. तेवढे दिवस नातवाचा टॉवेल वेगळा ठेवा आणि आजीच्या जखमांना हात लावण्याआधी सगळ्यांनी हात साबणाने धुवा.